कलम सात

१

कोर्टाच्या आवारात मला कोणी नावाने हाक मारत नाही. चहावाल्यापासून न्यायाधीशांच्या स्टेनोपर्यंत सगळ्यांची मी नाकबूलबाई. तीस वर्षं एकाच वकिलाकडे कैफियती टाइप करून मिळवलेली पदवी आहे ती, तेव्हा मला तिचा राग नाही.

दावा लावतो तो वादी, ज्याच्यावर लावतो तो प्रतिवादी, आणि प्रतिवादीने दिलेलं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. कैफियतीचा एकच मोठा नियम आहे आणि तो मी साहेबांच्या हाताखालच्या चार नव्या वकिलांना शिकवला आहे. दाव्यातलं जे कलम तुम्ही स्पष्ट शब्दांत नाकारत नाही, ते तुम्हांला मान्य आहे असं कोर्ट धरतं. गप्प बसलात की कबूल झालात. म्हणून एकेक कलम वेगळं घ्यायचं आणि वेगळं फेटाळायचं. 'कलम एकमधील मजकूर मान्य व कबूल नाही. कलम दोनमधील मजकूर मान्य व कबूल नाही.' सूर्य पूर्वेला उगवतो असं वादीने लिहिलं, तरी आधी नाकबूल करायचं आणि मग त्याला सिद्ध करत बसू द्यायचं. या हातांनी मी भावाला सख्खा भाऊ नाकबूल केलेला आहे.

त्या मंगळवारी दुपारी बेलीफ माझ्या टेबलाशी आला. समन्स पोचवणारा हा माणूस माझ्या बरोबरीनेच कोर्टात म्हातारा झालेला. एरवी आमच्या अशिलांचे पत्ते विचारायला येतो. आज त्याने पिशवीतून समन्स काढून माझ्यापुढेच ठेवलं.

"बाई, या वेळी तुमच्यावरच दावा लागलाय."

"चेष्टेला दुसरं कोणी मिळालं नाही का?"

"चेष्टा कसली, सही करा. आधी घरी जाऊन आलो तुमच्या. बेल वाजवली, हाक मारली. आतून ओ आली, पण दार काही उघडलं नाही कोणी. दहा मिनिटं ताटकळत उभा होतो."

"माझ्या घरातून ओ? मी सकाळपासून इथे आहे."

"मग घरात कोण असतं?"

"कोणी नसतं," मी म्हणाले आणि सही केली. शेजारच्या घरातला टीव्ही मोठ्याने लावलेला असतो. तोच ऐकला असेल त्याने.

२

दावा पंधरा कलमांचा होता. टायपिंग स्वच्छ, समास सोडलेला, एकही खाडाखोड नाही. वादीचं नाव जिथे असतं तिथे होतं. मी ते वाचलं, पान उलटलं, आणि नाव आठवेना. पुन्हा मागे जाऊन वाचलं. मान वर केली आणि पुन्हा गेलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पत्त्याकडे मात्र करता येईना. वादीचा पत्ता: प्रतिवादीचं घर, मागची खोली.

वादीचं म्हणणं थोडक्यात असं. तो गेली बारा वर्षं माझ्या घरातल्या मागच्या खोलीत उघडपणे, अखंडपणे आणि कोणाच्याही हरकतीशिवाय राहतो आहे. दुसऱ्याच्या जागेत कोणी असा बारा वर्षं राहिला आणि मालकाने हूं की चूं केलं नाही, तर जागा त्याची होते. हा कायदा मला शिकवायची गरज नव्हती. शेवटी मागणी होती: खोली वादीच्या मालकीची ठरवावी, आणि प्रतिवादीने तिच्या मुलीस अगर अन्य कोणास तेथे आणू नये अशी कायमची मनाई व्हावी.

मागची खोली माझ्या लेकीची. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती गेली आणि मी दार ओढून कडी लावली. तिचं टेबल, तिची खुर्ची, तिचा पलंग, सगळं आत तसंच आहे. वर्षातून दोनदा झाडून घेते, बाकी जात नाही. खुर्चीचा आवाज येतो कधी कधी. लाकूड हवेने फुगतं, वाजतं. एकटीच्या घरात माणसाने प्रत्येक आवाजाचा जाब विचारायचा म्हटलं तर झालंच.

आणि दोन महिन्यांनी लेक परत येणार होती. कायमची. तिने मागच्याच आठवड्यात फोन केला होता.

"आई, मी इथून निघतेय. तिकडच्या नोकरीचं पत्र आलंय. माझी खोली आहे ना गं?"

"खोली कुठे जाते, बबडे? तुझीच आहे ती."

हे मी तिला सांगितलं होतं. माझा शब्द होता तो, आणि आता कोणी बिननावाचा माणूस पंधरा कलमं लिहून तो खोटा पाडायला निघाला होता. मला भीती वाटायच्या आधी संताप आला, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

३

कैफियत मी रविवारी घरीच लिहायला घेतली. ऑफिसात कॉम्प्युटर आल्यावर साहेबांनी जुना टाइपरायटर मला देऊन टाकला होता. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. खिडकीतून ऊन येत होतं, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

कलम एक, नाकबूल. कलम दोन, नाकबूल. वादी दाव्यातील खोलीत पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूस झोपतो, नाकबूल. वादी प्रतिवादीच्या खोकल्यावरून तिचा दमा कधी वाढला हे सांगू शकतो, नाकबूल. हात नुसता चालत होता.

मग कलम सात आलं. ते मी ऑफिसात वरवर वाचलं होतं. आता नीट वाचलं.

'तीन वर्षांपूर्वी एका बुधवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास प्रतिवादीची मुलगी एक बॅग घेऊन दाराशी आली व तिने आई अशी तीन वेळा हाक मारली. प्रतिवादी त्या वेळी स्वयंपाकघरात बसलेली होती. प्रतिवादीने ओ दिली नाही. मुलगी निघून गेली. वादीने हे समक्ष ऐकले आहे.'

कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी खुर्चीतून उडालेच.

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लेकीलासुद्धा नाही. 'मी आले होते, तू घरी नव्हतीस,' असं ती नंतर फोनवर म्हणाली आणि मी 'ऑफिसात होते गं' म्हणून मोकळी झाले. खरं म्हणजे त्या दिवशी मी तापाने रजेवर होते. बॅग कशासाठी आणली हे मला तिच्या पहिल्याच हाकेत कळलं होतं. लोक काय म्हणतील, पुढे कसं निभेल, आज घरात घेतलं की ही परत जायचीच नाही, असलं सगळं डोक्यात आलं आणि मी पदराचा बोळा तोंडात धरून याच खुर्चीत बसून राहिले. तिसऱ्या हाकेनंतर तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. तिने त्यानंतर आणखी तीन वर्षं सासरी काढली. माझ्यामुळे काढली.

मी उठून गॅस बंद केला आणि परत टाइपरायटरपुढे बसले. मग टाइप केलं: 'कलम सातमधील मजकूर मान्य व कबूल नाही.' धंदाच तो.

मागच्या खोलीत खुर्ची सरकली. लाकूड, मी मनाशी म्हणाले, आणि उरलेली कलमं, शेवटी आपल्या बाजूची म्हणून जोडतात ती नेहमीची जादा कलमं धरून, एका दमात संपवली. सोमवारी कोर्टात शपथेवर सही करताना कारकुनाने नेहमीसारखं विचारलं, "वाचलंय ना? सगळं खरं?" मी म्हणाले, "सगळं खरं."

४

मंगळवारी संध्याकाळी घरी आले तर मागच्या खोलीची कडी काढलेली होती.

दार चार बोटं उघडं होतं. बारा वर्षांत ते आपण होऊन कधी उघडलं नव्हतं. कडी जुनी असली तरी घट्ट आहे. ती काढायला मलाच दोन्ही हात लागतात. मी पुढच्या दाराचं कुलूप पाहिलं, खिडक्या पाहिल्या, शेजारणीला विचारलं. कोणी आलं नव्हतं, कोणी गेलं नव्हतं. मी दार ओढून कडी लावली. चहा टाकून वळले तर पुन्हा चार बोटं. आतून कसला दांडगटपणा नाही. आपल्याच घरात वावरणाऱ्या माणसाने उघडावं तसं सावकाश उघडलेलं.

असं एकाएकी का व्हावं? मी काय केलं होतं? कैफियत दिली होती, एवढंच. मी पिशवीतून तिची प्रत काढली आणि शेवटून वाचायला लागले.

कलम एकोणीसवर बोट थांबलं. 'वरील म्हणण्यास कोणतीही बाधा न येता प्रतिवादीचे असेही म्हणणे आहे की, वादी दाव्यातील खोलीत राहत असल्याचे दिसून आल्यास, तो प्रतिवादीच्या परवानगीने राहत आहे.'

ताब्याच्या प्रत्येक कैफियतीत हे कलम असतं. आधी म्हणायचं की तो तिथे नाहीच, आणि पुढे म्हणायचं की असलाच तर आमच्या परवानगीने आहे, म्हणजे मालकी आमचीच राहते. कोर्टाबाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण यावर आम्ही शेकड्यांनी दावे जिंकले आहेत. माझी बोटं ते झोपेतही टाइप करतात. त्यांनी ते माझ्याच घराबद्दल टाइप केलं होतं आणि मी शपथेवर सही ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे प्रत टाकली. बाहेर त्यांना तारीखसाहेब म्हणतात, कारण त्यांच्या हातात खटला पडला की तो नातवंडांच्या लग्नापर्यंत चालतो.

"साहेब, हे एकोणीस कलम काढायचं."

"वेड लागलंय का तुम्हांला? अहो, तेवढंच एक कलम आपलं खणखणीत आहे. परवानगी म्हटलं की त्याचा दावा आडवा."

"मी कोणाला परवानगी दिलेली नाही."

"मग तो तिथे नाहीच. नाही तर भीती कसली?"

मी प्रत उचलून पिशवीत कोंबली. त्या क्षणी मला आठवलं होतं. मागे एकदा आजारपणात, भरदुपारी, मागच्या खोलीत खुर्ची वाजली होती आणि मी पांघरुणातून म्हणाले होते, "अस बाबा कोण असशील तो. तेवढीच सोबत." एकट्या बाईची ती बडबड होती. पण ऐकणाऱ्याने ऐकली असेल, तर परवानगीच होती ती.

५

पहिल्याच तारखेला आमचा खटला पुकारला. साहेब चकित झाले. अशा घाईची त्यांना सवय नाही.

कोर्टाच्या शिपायाने दारात उभं राहून वादीच्या नावाचा पुकारा केला. एकदा. ते नाव माझ्या कानावर आलं आणि ओल्या हातातून साबण निसटावा तसं गेलं. दुसऱ्या पुकाऱ्याची वेळच आली नाही. माझ्या मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं, "हजर."

साधा आवाज. घसा साफ करून बोललेला, थोडा झोपेतून उठल्यासारखा. मी वळले. बाक रिकामा होता. वर पंखा फिरत होता, बाकाच्या एका टोकाला कोणाची तरी वर्तमानपत्राची घडी पडली होती. पण न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्या बाकाकडे पाहून मान हलवली, आणि शिपाई तिकडे गेला. त्याने बाकापुढे हात पसरला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता. मधलं मला दिसलं नाही. मी डोळा लवू दिला नव्हता, तरी दिसलं नाही.

तो कागद म्हणजे पुरशीस होती. पक्षकाराने कोर्टाला काही कळवायचं असेल तर देतात ती छोटी चिठ्ठी. न्यायाधीशांनी ती मोठ्याने वाचली. "प्रतिवादीच्या कैफियतीतील कलम एकोणीस वादीस मान्य व कबूल आहे. वादी प्रतिवादीच्या परवानगीनेच राहतो. दावा चालवणे नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची काही हरकत?"

"आहे," मी उभी राहिले. "खोलीत कोणी नाही, साहेब. कोणी नसावं. माझी लेक यायची आहे."

"बाई, तुमच्याच शपथेवरचं म्हणणं त्यांनी मान्य केलंय. दावा तुमच्या बाजूनेच सुटतोय." ते लिहायला लागले. आमच्या साहेबांनी माझी बाही ओढून मला खाली बसवलं.

बाहेर व्हरांड्यात ते पेढे मागत होते. एका तारखेत दावा जिंकल्याचं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं. शेजारून बेलीफ चालला होता, तो थबकला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाला, "तुमच्याबरोबर कोण आलंय, बाई?"

"कोणी नाही," मी म्हणाले. मागे वळून बघायचं मात्र मी टाळलं. बसमध्ये सबंध रस्ता माझ्या शेजारच्या सीटवर कोणी बसलं नाही, गर्दी असूनही.

६

लेक यायला पाच दिवस उरले होते. तिला माझ्या खोलीत ठेवावं आणि मागचं दार बंद राहू द्यावं, असा विचार एकदा मनात येऊन गेला. मी त्याला तिथल्या तिथे हाकललं. असंच मागे सरत सरत मी तीन वर्षांपूर्वी तोंडात पदर कोंबून बसले होते.

परवानगी दिली असेल तर ती काढूनही घेता येते. मी नोटीस टाइप केली: परवानगी आजपासून रद्द, तीन दिवसांत खोली रिकामी करावी. नोटीस घेणारा समोर येत नसेल तर बेलीफ ती दारावर डकवतो. मीही खळ केली आणि भर दुपारी मागच्या खोलीचं दार ओढून त्यावर कागद डकवला. तळव्याने तो वरून खाली सारखा करताना दाराची फळी जराशी आत दबली आणि परत आली. पलीकडूनही कोणी तरी हात ठेवला होता. माझा तळवा खाली सरकला तसा तोही सरकला. तरी कागदाचा शेवटचा कोपरा चिकटेपर्यंत मी हात काढला नाही.

तीन दिवसांनी सकाळी उठले तर माझ्याच खोलीच्या दारावर आतल्या बाजूने नोटीस होती. तीच, माझ्या टाइपरायटरची, त्याचा नेहमीचा तिरका उमटणारा 'र' असलेली. खळ अजून ओली होती. खाली माझी सही होती ती आता नव्हती, तिथे दुसरं नाव होतं. वाचलं आणि विसरले.

म्हणजे आता मलाच बाहेर काढायला निघाला होता. मी हसले. खरंच हसले, त्या रिकाम्या घरात, मोठ्याने. तीस वर्षं मी असल्या कागदांना उत्तरं दिली आहेत. हा कोण लागून गेला?

लेक यायच्या दिवशी अंघोळ उरकून मी टाइपरायटर उचलला. तो चांगला जड आहे आणि माझे गुडघे गेलेले. मागच्या खोलीचं दार पायाने ढकललं. खिडकीतून भरपूर ऊन आलं होतं. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला गादी माणसाच्या लांबीएवढी दबलेली होती. टेबलापुढची खुर्ची मागे ओढलेली होती, नुकतंच कोणी उठलं असावं तशी.

टाइपरायटर टेबलावर ठेवून मी त्या खुर्चीत बसले. बैठक गरम होती. मला शिसारी आली, पण मी उठले नाही. कागद चढवला.

'परवानगी रद्द केली आहे. ही खोली माझ्या लेकीची आहे. आजपासून मी येथे उघडपणे बसणार, अखंड बसणार, आणि माझी हरकत रोज तोंडाने सांगणार. बारा वर्षे मलाही मोजता येतात.'

बोटं थांबली. खरी अडचण एकोणीस कलमाची नव्हतीच. बारा वर्षं तो खोलीत असेलही, पण मी त्याला घरात घेतलं होतं ते त्या बुधवारी. ज्या घरात हाकेला ओ द्यायला कोणी नसतं, तिथे ओ देणारा दुसरा कोणी तरी येऊन बसतो. मी पुढे टाइप केलं, तीस वर्षांत पहिल्यांदा:

'कलम सातमधील मजकूर मान्य व कबूल आहे. मी घरात होते. मी ओ दिली नाही. माझी चूक झाली. बाकी सर्व नाकबूल.'

शेवटचं अक्षर उमटलं आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर वजन आलं. कोणी तरी दोन्ही हात टेकून माझ्या डोक्यावरून वाचत होतं. टाइपरायटरच्या चकचकीत पत्र्यात माझा चेहरा वाकडातिकडा दिसत होता आणि त्याच्या वर आणखी एक काही तरी. मी पत्र्यावरून नजर काढून कागदावर ठेवली. जिन्यावर पावलं वाजत होती. बॅग पायरीपायरीवर आपटत वर येत होती.

दाराशी येऊन ती थांबली. बेल न वाजवता तिने हाक मारली, लहानपणी मारायची तशी.

"आई!"

माझ्या कानामागे कोणी तरी श्वास आत ओढला. घसा साफ केला. ओ द्यायला तोंड उघडल्याचा ओला आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"ओ!" मी ओरडले. एवढ्या जोरात की खिडकीची तावदानं थरथरली. "ओ, बबडे! घरातच आहे मी! आले!"

मागचा श्वास अर्ध्यावरच राहिला. मी उठले, खुर्ची मागे ढकलली, ती कशावर आदळली ते पाहिलं नाही, आणि गुडघ्यांचं सगळं रडगाणं विसरून दार उघडायला धावले.